नावाडीबाबाच्या शिव्या

केसरबाईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इंग्रजी पुस्तकातल्या एका म्हाताऱ्यावर तिचा भारी जीव जडला होता. म्हातारा धुक्याच्या नदीवर नाव चालवायचा, आल्यागेल्याला शिव्या घालायचा आणि शिव्या घालता घालताच पलीकडं सोडायचा. तिच्या भवानीनगरच्या घरात तो शिरला तो सून मनिषामुळं.

मनिषा माहेरची बारामतीची. नववीत असताना तिच्या हाती त्या मालिकेचं पहिलं पुस्तक पडलं. धुक्याच्या राज्यात जो शिरेल तो आपलं नाव विसरतो, आणि मिरेल नावाची एक पोरगी आईला हुडकायला त्याच धुक्यात शिरते, अशी ती गोष्ट. पुढं लग्न होऊन मनिषा समाधानच्या घरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत शालूच्या खाली पाच पुस्तकं निघाली. सहावं, शेवटचं, त्या लेखिकाबाईंनी अजून लिहिलंच नव्हतं. शाळेतल्या पोरी वाट बघून बघून सासरी गेल्या, तरी बाईंचं आपलं चाललंय, लिहिते, लिहिते!

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात केसरबाई गोठ्यात घसरली आणि पाय प्लास्टरात गेला. जिनं उभ्या जन्मात दुपारी पाठ टेकली नाही, ती बाई दिवसभर बाजेवर. मग काय विचारता! चहात साखर जास्त, भाकरी जाड, सून हळू चालते, कोंबडी जोरात ओरडते. मनिषा अगदी रडकुंडीला आली. शेवटी एका दुपारी तिनं पहिलं पुस्तक उघडलं आणि एकेक वाक्य मराठीत करून सासूला सांगायला लागली. पहिल्या दिवशी केसरबाई म्हणाली, "पोरासोरांचं हाय ह्ये." दोन दिवसांनी म्हणाली, "आज उशीर का केलास?"

प्लास्टर निघालं, पण गोष्ट काही सुटली नाही. मनिषा गावातल्याच एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. ती घरी आली की चारच्या चहाला दोघी ओसरीवर बसायच्या. पुस्तकातला म्हातारा रागावला, की मनिषा सासूचा मान राखून सांगायची, "म्हातारा म्हणाला, मूर्ख मुली, नीट बस."

"आसं कुठला नावाडी बोलंल?" केसरबाईला ते मुळीच पटायचं नाही. "त्यो म्हनला आसंल, ए भवाने, बूड टेकीव की! का मधल्या धारंला तुजं मढं बशिवू?" आणि स्वतःच पोट धरून हसायची. "आमचा शिरपा हाय ह्यो. सोडून दिलाय नुसता पुस्तकात!"

शिरपा म्हणजे शिरपती, तिचा पाठचा भाऊ. निमगाव केतकीला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. पेरूंची पिशवी घेऊन यायचा आणि फाटकातूनच सुरू व्हायचा. "ए केसरे, हायस का मेलीस? पानी आन की, मढं बशिवलं तुजं!" केसरबाई पाण्याचा तांब्या घेऊन पळत सुटायची. भावाच्या शिव्या खाऊन ती दोन दिवस खुशीत असायची.

गेल्या चैत्रात शिरपती गेला. फोन मनिषानंच घेतला होता. शिरपतीच्या मुलानं रडत रडत सगळं सांगितलं, कसं झालं, काय झालं. समाधान कारखान्यावरून धावत आला आणि तिला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला आत्ता सांगू नकोस. रस्त्यात तिलाच काही झालं म्हणजे? तिथं गेल्यावर कळंलच." आपल्याकडं रीतच आहे ही. माणूस गेलेला असतो आणि बायांना सांगतात, जरा जास्त आहे, चला. केसरबाईनं भावासाठी घाईघाईनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी भरली आणि डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. सणसर गेलं, लासुर्णं गेलं, अंथुर्णं गेलं. मनिषा तिचा हात धरून सांगत राहिली, "बरं वाटतंय म्हणे त्यांना." निमगावात दारापुढं माणसं बसलेली दिसली, तेव्हा केसरबाईनं हात सोडवून घेतला. ती रडली नाही. डबा धरून भिंतीला टेकून बसून राहिली. त्या जीपबद्दल तिनं पुढं मनिषाला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तेच मनिषाला आतून खात होतं. कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं.

यंदाच्या थंडीत ते शेवटचं पुस्तक आलं एकदाचं. केसरबाईनं आधीच बजावून ठेवलं होतं. "ह्ये दोघींनी संगट संपवायचं. माज्या फुडं एक पान जायचं न्हाय. घे गळ्याची आन." मनिषानं हसत हसत गळ्याला हात लावला होता.

बारामतीच्या दुकानातून पुस्तक घेऊन ती एसटीत बसली. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. पिंपळीपर्यंत तिनं दम धरला. मग म्हणाली, नुसता वास घेते. मग म्हणाली, पहिली ओळ बघते. अहो, दहाबारा वर्षं जिची वाट बघितली, ती गोष्ट मांडीवर असताना कुणाला धीर धरवतो? तिला लहानपणापासून एक वाईट खोड होती. आवडतं माणूस शेवटपर्यंत टिकतंय की नाही, ते ती शेवटच्या पानावर जाऊन आधी बघायची. तिनं शेवटचं पान उघडलं. मिरेल होती, मिरेलची आई होती. म्हातारा नव्हता. आधीच्या पानावरही नव्हता. ती मागं मागं जात राहिली आणि जिथं तो सापडला तिथं तो मरत होता. धुक्यात मिरेल आपलं नाव विसरते, तेव्हा म्हातारा तिला ते परत आणून देतो आणि बदल्यात स्वतःचं नाव धुक्याला देऊन टाकतो. नावेतच, तिच्या मांडीवर डोकं ठेवून जीव सोडतो.

भवानीनगरच्या थांब्यावर ती उतरली तेव्हा तिला चक्क घाम फुटला होता. घरी केसरबाई तोंडबिंड धुऊन, चहा टाकून बसलेली. पुस्तकाच्या कव्हरवरून तिनं हात फिरवला.

"उगडलं न्हाईस न्हवं?"

"नाही आई." मनिषानं बेधडक ठोकून दिलं.

तिथून पुढं तिचं काही खरं राहिलं नाही. रोज एक प्रकरण व्हायचं आणि म्हातारा रोज मरणाकडं एक पाऊल जायचा. केसरबाई मात्र रंगात आलेली. म्हातारा तोंड उघडायचा अवकाश, ही त्याच्या तोंडात ताज्या ताज्या शिव्या घालायची. मनिषाला त्या हसण्याची भीती वाटायला लागली. शपथ मोडली ती मोडली, वर रोज नवलाचं तोंड करून बसायचं! शेवटी तिनं समाधानला सांगितलं.

समाधान आधी हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. "अगं, मग मारू नकोस त्याला. सांगणारी तूच ना? जिवंत ठेव. आईला काय कळतंय?"

चैत्रात बाजूला घेऊन बोलला होता, त्याच आवाजात बोलला. माणूस वाईट नव्हता हो. आईच्या डोळ्यात पाणी नको, एवढंच त्याला कळायचं. मनिषाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

ते प्रकरण आलं त्या दिवशी तिनं पुस्तक समोर धरलं आणि नजर छापलेल्या ओळींवर ठेवून भलतंच सांगितलं. मिरेलला नाव आठवलं, धुकं हटलं, म्हातारा वाचला. केसरबाई सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. "वाचला म्हन की," एवढंच म्हणाली.

पण मंडळी, माणसाला जिवंत ठेवायचं तर त्याला बोलवावंही लागतं. पुस्तकात पुढं म्हाताऱ्याची एक ओळ नव्हती. मनिषा आपल्या पदरचं बोलायला लागली. म्हातारा म्हणाला, शाब्बास मुली. म्हातारा म्हणाला, सांभाळून जा बाळ. दुसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, तुझं भलं होवो. केसरबाई शेंगा सोलत राहिली. ना हसली, ना तिनं एखादी शिवी पुरवली. मनिषा तरी रेटून सांगत राहिली.

तिसऱ्या दिवशी केसरबाईनं सूप बाजूला सारलं. "मने, म्हातारा मेला का गं?"

"नाही हो आई. आहे की. हे बघा, तो म्हणाला..."

"आगं, तीन दिस झालं, त्यानं कुनाला शिवी दिली न्हाय. शाब्बास म्हनतोय, बाळ म्हनतोय. जित्तेपनी इतकं ग्वाड बोलनारा न्हाय त्यो. मेल्याबिगर मानूस आसा गुनाचा व्हत न्हाय."

मनिषानं पुस्तक मिटलं. तिला वर बघवेना. "मेला, आई. मी आधीच वाचलं होतं. एसटीत. शपथ मोडली मी."

"मोडलीस ती मोडलीस. सांगायचं लांबनीवर का टाकलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं आसतं की. माजा मानूस गेला तर मला वाईट वाटू न्हाई?" केसरबाईचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "जीपमदी बी आसंच केलंत तुमी."

मनिषाच्या हातातलं पुस्तक मांडीवर पडलं.

"समाधान फुडं बसून म्हनला, मामा मनानं लई चांगला. डायवर म्हनला, देवमानूस. आरं, शिरप्याला कोन देवमानूस म्हनंल? त्या डायवरला त्यानं भर बाजारात आईवरनं शिवी दिल्याली! लासुर्न्याच्या आलीकडंच मला समजलं, माजा भाऊ गेला. मांडीवर दशम्या गरम हुत्या आजून."

"मग तुम्ही बोलला का नाही, आई?"

"तुज्या हातात माजा हात हुता. म्हनलं, ही सांगंल. इतक्या गोष्टी सांगती, ही सांगंल. तुज्या तोंडाकडं बघत बसले मी निमगावपत्तर."

मनिषाला रडू फुटलं. "चुकलं माझं, आई," असं ती दोनदा तीनदा म्हणाली, तरी ते पुरेसं वाटेना. केसरबाईनं तिला रडू दिलं. मग पदरानं आपला चष्मा पुसला, जणू वाचायचं तिलाच होतं. "आता वाच. जसं हाय तसं. कुटं मेला, कसा मेला, जवळ कोन हुतं, समदं."

मनिषानं ते प्रकरण पहिल्यापासून वाचलं. एक ओळ गाळली नाही, एक पदरची घातली नाही. मिरेलच्या मांडीवर डोकं आलं तेव्हा केसरबाईचे डोळे भरले. "पोरगी जवळ हुती म्हनायची," ती म्हणाली. गोठ्यात म्हैस हंबरली, तिकडं कुणी उठून गेलं नाही.

मग केसरबाईनं विचारलं, "आन शिरपतीच्या जवळ कोन हुतं गं? फोन तू घेतल्याला."

एवढे महिने तिनं हे कुणालाच विचारलं नव्हतं. मनिषानं डोळे पुसले आणि आता काहीही मागं ठेवायचं नाही असं ठरवलं. "मुलगा होता. दुकानातच. सकाळपासून छातीत दुखतंय म्हणत होते, पण दवाखान्यात यायला तयार नव्हते. चहा मागितला. शुगर वाढलेली, म्हणून त्यानं अर्धाच कप दिला."

"आर्धा कप? शिरप्याला?" केसरबाई सावरून बसली. "शिवी दिली आसंल."

"दिली."

"कंची?"

"आई, मी कशी तुमच्यापुढं..."

"सांग म्हनते न्हवं!"

लग्न झाल्यापासून मनिषानं सासूपुढं साधं 'मेल्या' म्हटलं नव्हतं. तिनं पदर सावरला, एकदा फाटकाकडं बघितलं आणि जसं फोनवर ऐकलं होतं तसं, अगदी त्याच तालात म्हणाली, "आर्धा कप व्हय रं? मढं बशिवलं तुजं, भर की!"

केसरबाई हसली. पोट धरून, पूर्वी हसायची तशी हसली. हसता हसता तिनं विचारलं, "भरला का पन त्यानं?"

"भरला. दोन घोट घेतले मामांनी. मग मान कलली."

"दोन घोट..." केसरबाई म्हणाली, आणि मनिषाच्या गळ्यात पडून तिनं हंबरडा फोडला. निमगावात त्या दिवशी अडलेलं सगळं आता बाहेर पडत होतं. मनिषानं तिला धरून ठेवलं. उगी, असंसुद्धा म्हणाली नाही.

समाधान ड्यूटीवरून येत होता. रडणं ऐकून त्यानं गाडी फाटकातच आडवी टाकली आणि धावत ओसरीवर आला. "काय झालं? आई, कोण गेलं?"

केसरबाईनं मान वर करून लेकाकडं बघितलं.

"शिरपती गेला रं," ती म्हणाली. "आत्ता सांगितलं मला."