बोडीचं सुशोभीकरण

पर्यावरण दिनाला ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात निशात शेख यांचं भाषण होतं. कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. दूरच्या एका उष्ण देशातल्या सॅलमँडरचं चित्र त्यांनी पडद्यावर दाखवलं. बेडकाचा हा शेपटीवाला नातेवाईक तिथल्या डोंगरावरच्या ओल्या शेवाळात राहतो. ते जंगल तुटलं तर जगात तो कुठेच उरणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

सरपंच देवाजीभाऊ हळहळले. "बिचाऱ्याचं घर तं वाचवलं पाह्यजे, मॅडम!"

मग मोठ्या हौसेने ते त्यांना गावची बोडी दाखवायला घेऊन गेले. त्या छोट्या तळ्याचा काठ सिमेंटने बांधायचा म्हणून आटलेल्या तळाचा चिखल यंत्राने खरवडणं चाललं होतं. ढिगात उन्हाळाभर मातीत निजलेली बेडकं होती. कुणाचा पाय तुटलेला, कुणाचं पोट फुटलेलं. काही अजून हलत होती आणि त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या.

"भाऊ, हे आधी थांबवा."

"बेडकं होत ते, मॅडम. कुठीबी जगतेत. इथी बाग होऊन राह्यली." देवाजीभाऊंनी फोटोवाल्याला हाक मारली. "या, एक फोटो काढू."

निशातबाईंनी जवळचं घमेलं ओढलं आणि जिवंत बेडकं वेचून नाल्याच्या ओल्या मातीत नेऊन सोडली. तिथवर जाईस्तोवर निम्मी मेली. परत आल्या तेव्हा यंत्र चालूच होतं आणि मांडवात जेवणाची ताटं वाढली होती. देवाजीभाऊ भजं चघळत हसून म्हणाले, "बसा, मॅडम."

त्या तोंडाकडे त्यांना बघवेना. त्या उपाशीच जीपमध्ये जाऊन बसल्या.