उजवा हात खाली येत नाही

ऑफिसात तिला सगळे जोडणीबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कामच ते होतं. कॉम्प्युटरवर कार्टून आणि गेम बनवणाऱ्यांसाठी एक ऑनलाइन दुकान होतं. तिथं माणसांचे तयार पुतळे मिळायचे, आणि त्यांना घालायचे कपडे, केस, चष्मे, चपला सगळं वेगळं मिळायचं. पुतळा म्हणजे बेस, बाकी सगळे ॲड-ऑन. आता मेख अशी, की ज्या पुतळ्याच्या मापानं सदरा बेतला त्यालाच तो बसतो, दुसऱ्याला नाही. म्हणून प्रत्येक वस्तूच्या पानावर एक रकाना असायचा, 'यासाठी आधी हे हवं', आणि त्यात नेमका बेस जोडायचं काम या बाईचं. नाही जोडला, तर गिऱ्हाईक बिचारं हौसेनं स्वेटर घेतं, उघडून बघतं तर काय, हवेत नुसता स्वेटर उभा! बाह्या फुगलेल्या, गळा गोल, आणि आत कोणीच नाही.

असल्या बिनबेसच्या वस्तूंना ऑफिसात 'लोंबकळे' म्हणत. रोज सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवून ती आधी लोंबकळ्यांची यादी उघडायची.

त्या सोमवारी यादीत आठ लोंबकळे होते आणि आठही तिच्या दादाच्या खात्यातून आलेले होते. दादाला जाऊन पाच महिने झाले होते.

तिनं यादी पुन्हा उघडली. आधी वाटलं, जुनं काहीतरी अडकलेलं आज सुटलं असेल. पण तारीख कालची होती, रविवारची, दुपारी चारची. लाल फ्रॉक. पिवळा रेनकोट. लोकरीचा स्वेटर. कानटोपी. प्रत्येक वस्तू दोनदा, एक लहान मापाची आणि एक जरा मोठी. मोठ्या मापाच्या चारांना जो बेस हवा होता त्याचा नुसता नंबर होता, आणि त्या नंबरचा बेस दुकानात कुठेच नव्हता. लहान मापाच्या चारांना हवी होती 'मुलगी, वय सहा'.

तो बेस तिनं स्वतःच्या हातानं दुकानातून उतरवला होता. उतरवलेली वस्तू नव्वद दिवस राहते, मग कायमची पुसली जाते. येत्या शुक्रवारी नव्वद दिवस भरत होते. तो शुक्रवार एकदाचा उजाडू दे, असं ती मनातल्या मनात घोकत होती.

पुतळा दादानं केला होता, आणि पुतळा छकुलीचा होता. छकुली म्हणजे त्यांची धाकटी बहीण, सहाव्या वर्षी गेलेली. दुकानात कोणाला हे ठाऊक नव्हतं. सगळे म्हणायचे, काय जिवंत पोर केलीय हो! तक्रार एकच यायची. उजवा हात खाली येत नाही. कितीही ओढा, दाबा, वळवा, तो पुन्हा वर जायचा. कोपरात वाकलेला, बोटं उघडी.

"मी तर थकलो बुवा," वस्तू तपासणारे काका एकदा म्हणाले होते. "कोणीतरी येऊन धरेल म्हणून उभी आहे ही पोर."

काका सहज बोलून गेले. तिला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

कारण त्या हाताचं खरं काय ते तिला ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची होती, छकुलीला शाळेतून आणत होती. घरासमोरचा रस्ता ओलांडायच्या आधी छकुलीनं हात हिसडला आणि पळाली, असं तिनं आईला सांगितलं. मग शेजाऱ्यांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आणि पुढे सव्वीस वर्षं तेच सांगत आली. छकुलीनं हिसडाबिसडा काही दिला नव्हता. मोठ्या बहिणीच्याच बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला म्हणून तिनंच हात सोडला होता. छकुली हात वर धरून थांबली होती. थोडा वेळ थांबली. मग एकटीच पुढे झाली. आणि दादा वर खिडकीत उभा होता.

दादा त्यावर कधी एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर भांडून तरी मोकळी झाली असती! पण या बाबानं काय करावं? इतक्या वर्षांनी पुतळा केला आणि हात तसाच ठेवला. तिनं एकदा धीर करून म्हटलं, "दादा, लोक ओरडतात, तो हात दुरुस्त कर ना." तो म्हणाला, "हात बरोबर आहे. त्याला एक गोष्ट लागते. बोलू आपण एकदा." ते बोलणं राहूनच गेलं. तो गेल्यावर दोन महिन्यांनी तिनं दोषाचा फॉर्म भरला. दोष: उजवा हात खाली येत नाही. दोष कोणाचा: निर्मात्याचा. आणि बहिणीला दुकानातून उतरवून टाकलं.

आणि आता तिला कोणीतरी स्वेटर पाठवत होतं.

जेवणाच्या सुट्टीत ती थेट आईकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. दादाच्या खोलीतून माउसचा टिकटिक आवाज येत होता. आत दादाच्या खुर्चीवर दोन उशा रचून आई बसली होती, नाकावर चष्मा, गळ्यात शिंप्याची टेप. जन्मभर लोकांचे कपडे शिवले त्या बाईनं.

"आई! ते कपडे तू पाठवतेस?"

"मग कोण पाठवणार? दादानंच शिकवलं मला. कापड धुवायला नको, सुई टोचत नाही, बरंय हे."

"अगं, दादाच्या नावानं आले ते. माझा जीव जायचा राहिला सकाळी!"

"मला कुठं वेगळं खातं काढता येतंय? त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय, तो वापरते." आईनं चष्मा वर केला. "थंडी पडायला लागली गं. पोर नुसत्या फ्रॉकवर उभी आहे."

ती दादाच्या पलंगाच्या कडेला टेकली. बेस आपणच उतरवलाय, शुक्रवारी तो पुसला जाणार आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"आणि ती मोठी मापं कोणाची? त्या नंबरचं दुकानात काहीच नाही."

"दुकानात नसेल. इथं आहे की," आई म्हणाली. "दोघींचं शिवते मी. एकीला घालायचं आणि दुसरीला उघडं ठेवायचं, असं कधी केलंय का मी?"

आईनं माउस हलवला. दादाच्या अप्रकाशित कामांत एक पुतळा होता. 'ताई, वय नऊ'. छकुली तिला ताई म्हणायची. खाली दादाची टीप होती: हिला विचारल्याशिवाय दुकानात लावायचा नाही.

तिनं आईच्या खांद्यावरून हात घालून छकुलीच्या पुतळ्याचं मूळ पान उघडलं. 'यासाठी आधी हे हवं'. दादानं रकाना भरलेला होता. ताई, वय नऊ. जी वस्तू दुकानात लागलेली नाही तिचं नाव दुकानाच्या पानावर दिसतच नाही, रकाना कोरा दिसतो; नंबर दिसतो तो फक्त लोंबकळ्यांच्या यादीत. आणि कोरा रकाना बघून ती थांबली नव्हती, कारण बेसला कशाला बेस लागेल? त्यांच्या कामाचा पहिला धडाच तो. हजारो वस्तू बिनचूक जोडणाऱ्या या शहाणीनं आपल्याच घरातली जोडणी तपासली नव्हती.

"दोघींना एकत्र ठेवून बघितलंस का कधी?" तिनं विचारलं.

"रोज बघते," आई म्हणाली, आणि तिनं दोघींना एका चौकटीत आणलं.

छकुलीचा हात जरासा खाली आला. ओढला नाही, दाबला नाही, आपणहून आला. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात गेला आणि बोटं मिटली. मोठीनं तो घट्ट धरला होता. तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटून जमिनीवर लोळत होती, तरी धरला होता.

दादानं नाडी पाहिली होती. खिडकीतून, बाराव्या वर्षी, सगळं पाहिलं होतं.

तिला हुंदका आवरेना. आई पडद्याकडेच बघत होती.

"तिनं हिसडा दिला नव्हता, आई."

"माहीत आहे."

"मी सोडला हात. नाडी बांधायला."

"माहीत आहे गं. दादानं मला त्याच आठवड्यात सांगितलं."

"मग सव्वीस वर्षं गप्प का राहिलीस? चार थोबाडीत द्यायच्या होत्यास!"

"नऊ वर्षांच्या पोरीला?" आई पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. "वाटलं, तू सांगशील आपणहून. आज सांगशील, उद्या सांगशील. वाट बघत राहिले. तो म्हणायचा, आई, बोलू नकोस, मी करतो काहीतरी. ही बघ, केलीन."

तिनं डोळे पुसले. सवय मेली जात नाही. जोडणी तपासायची म्हणजे एकदा काढून बघायची. तिनं मोठीला चौकटीतून काढलं. छकुलीची बोटं उघडली आणि हात पुन्हा वर गेला, तिथंच, तस्साच. खोलीत भरदुपारचं ऊन होतं आणि तिला हुडहुडी भरली.

"परत ठेव तिला," आई घाईघाईनं म्हणाली. "एकटी ठेवू नकोस."

तिनं परत ठेवलं. मग आईला उठवून स्वतः त्या खुर्चीत बसली आणि दादाची टीप पुसून 'ताई, वय नऊ' दुकानात लावली. नाडी सुटलेलीच राहू दिली. छकुलीलाही दुकानात परत लावलं, आणि आता तिच्या पानावरचा रकाना भरलेला दिसला. आठही लोंबकळे पाठोपाठ जागेवर बसले. दोघींच्या अंगात स्वेटर आले आणि कानटोप्या चढल्या.

राहिला दोषाचा फॉर्म. एकदा भरलेला फॉर्म काढता येत नाही, त्याखाली दुरुस्ती लिहावी लागते, आणि ती ऑफिसात सगळ्यांना दिसते. आई मागे उभी राहून वाचत होती.

दुरुस्ती, तिनं लिहिलं. हातात दोष नव्हता. तो धरायला कोणीतरी हवं होतं. दोष कोणाचा, या रकान्यात तिनं लिहिलं: माझा.