उरलेलं आम्ल

नातीनं ब्युरेटचा नळ किंचित फिरवला आणि एक थेंब चंबूत पडला. गुलाबी रंग उमटला, चंबू हलवताच विरून गेला.

"आता सावकाश," अप्पा म्हणाले. "इथेच सगळे घाई करतात आणि मग गुलाबी सरबत घेऊन माझ्यापुढे उभे राहतात."

ब्युरेटच्या स्टँडला जागा करून द्यायला ओट्यावरचा मिक्सर खाली जमिनीवर गेला होता. अप्पांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही ही काचेची भांडी कपड्यात गुंडाळून जपली होती. परीक्षा नातीची होती, हुरूप मात्र त्यांनाच जास्त.

"पण आजोबा, हे बॅक टायट्रेशन कशाला? अंड्याच्या टरफलात कॅल्शियम कार्बोनेट किती ते बघायचंय, तर सरळ त्याच्यावरच थेंब थेंब आम्ल टाकत जाऊ की."

"टरफल पाण्यात विरघळत नाही. आम्लात विरघळतं, पण निवांत, सरकारी चालीनं. शेवटचा कण कधी संपला हे कळणार कसं? म्हणून आम्ल भरपूर घालायचं, त्याचं काम होऊ द्यायचं. मग गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब थेंब आम्लारी टाकून उरलेलं आम्ल मोजायचं. घातलेल्यातून उरलेलं वजा केलं, की टरफलानं किती संपवलं ते समजतं."

दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी, नातीची आई, ऐकत होती. दोघी अप्पांना भेटायला आल्या होत्या. लहानपणी शेजारच्या खोलीतून हाच आवाज यायचा, शिकवणीच्या मुलांना हेच समजावणारा, आणि तो ऐकता ऐकता तिला झोप लागायची. त्या झोपेची तिला आता फार आठवण आली. आजही अप्पांचा एक शब्द अडखळला नव्हता. सकाळी मात्र गॅसवर दूध ठेवून अप्पा फाटक रंगवायला गेले होते. पातेलं जळालं तरी त्यांना पत्ता नव्हता.

"पूर्वीच्या मानानं किती विसरतात, नीट बघा," डॉक्टर म्हणाले होते. "संध्याकाळी फोन करतो. एकटे राहू शकतील का, ते त्यावरून ठरवू." घर सोडायचा विषय निघाला, की अप्पांना हमखास कमी ऐकू यायचं.

"थांब," अप्पा म्हणाले. रंग टिकला होता, फिकट, जेमतेम. "वा. आता सांग, सुरुवातीला आम्ल किती घातलं होतंस?"

नातीनं बाटलीकडे बोट दाखवलं. "बाटलीतून ओतलं. तुम्हीच म्हणालात ना, भरपूर घाल."

अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अंदाजपंचे दाहोदरसे! अगं, भरपूर, पण मोजून. आधी किती होतं तेच माहीत नसेल, तर उरलेल्याचं काय लोणचं घालायचंय? जा, नवीन टरफल कूट."

नात खलबत्ता घेऊन खिडकीपाशी गेली. मुलगी अप्पांजवळ येऊन बसली.

"अप्पा, तुमच्या प्रयोगशाळेचं दार कुठल्या रंगाचं होतं?"

"हिरवं. खालून कुजलेलं."

ते तिलाही आठवत होतं. तिला जरा बरं वाटलं.

"संध्याकाळी तुझी आई यायची तिथं," अप्पा पुढे बोलू लागले. "मुलं गेली, की माझ्याबरोबर चंबू धुवायची आणि गायची. छान गायची."

"आई? आई कधीच गात नसे, अप्पा."

"तुझ्यासमोर कशी गाईल? लाजायची."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हे खरं होतं, की दुसऱ्या कुणाचं गाणं त्यांनी आईला देऊन टाकलं होतं? विचारणार कुणाला? आई आता नव्हती. आणि होती तेव्हा आपल्याला विचारावंसं वाटलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

फोन वाजला. ती उठून बाहेरच्या खोलीत गेली.

"काय म्हणता? बरंच विसरतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दूध विसरतात, गॅस विसरतात. तेवढं सांगू शकते." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाकीचं नाही सांगता येत, डॉक्टर. त्यांना आधी काय काय आठवत होतं, ते मी कधी विचारलंच नाही."

"मग काही दिवस त्यांच्यापाशी राहता येईल?"

"राहते," ती म्हणाली.

परत आली तेव्हा अप्पा ब्युरेट पुसत होते.

"अप्पा, आई कुठलं गाणं गायची?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले, काही जमेना.

"शब्द गेले गं," ते म्हणाले. "चाल असेल."

मग हलक्या, थोड्या फाटलेल्या आवाजात ते गुणगुणू लागले. खिडकीपाशी बत्त्याचा आवाज थांबला.

"आई," नात मागे न वळताच म्हणाली, "हे तर तू म्हणतेस. कपडे वाळत घालताना."

आपण काही गुणगुणतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.