शून्य विचलन

गेली बावीस वर्षं मी वाशीमच्या एका कॉलेजात समाजशास्त्राच्या पोरांना संशोधन पद्धती शिकवतो आहे. पोरं मागून मला 'नमुना सर' म्हणतात. नमुना निवड शिकवतो म्हणून म्हणत असतील, असं मी धरून चालतो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे मला मान्य आहे. पण दरवर्षी पोरांचे फॉर्म तपासायला लागले तर तुमचाही तिथेच येईल.

यंदा मार्चमध्ये सुप्रियानं लघुप्रबंधाचे साठ फॉर्म माझ्या टेबलावर ठेवले. सुप्रिया आसेगावची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. विषय तिनंच निवडलेला: बागायती घरांत निर्णय कोण घेतं. यादीतलं दर पाचवं घर धरून तिनं साठ घरं गाठली होती. मी चहा सांगितला आणि पहिला फॉर्म उघडला. वाफ्यात काय लावायचं, कोण ठरवतं? दोघं मिळून. पोरीनं किती शिकायचं, कोण ठरवतं? दोघं मिळून. मागच्या महिन्यात नवरा-बायकोचं भांडण किती वेळा झालं? दोनदा. छान. दुसरा उघडला. दोघं मिळून, दोघं मिळून, दोनदा. चहा येईपर्यंत बारा फॉर्म झाले आणि बाराही घरांत भांडण बरोबर दोनदा. चहाचं पाणी झालं तरी साठाव्या घरात दोनदाच.

साठ बायांना एकेक भाकर थापायला सांगा. एक जाड निघेल, एक पातळ, एखादी करपेल. हा फरक मोजणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. सुप्रियाचं विचलन शून्य होतं. उभ्या कारकिर्दीत मी शून्य विचलन पाहिलं नव्हतं.

मी तिला बोलावलं आणि दार उघडं ठेवूनच तोंडाचा पट्टा सोडला. "घरी बसून भरलेस ना हे? निदान बनवाबनवी तरी नीट करायची!"

तिचा चेहरा पडला नाही, तापला. "घरी बसून? उन्हातान्हात साठ घरं फिरली मी, सर. जे सांगितलं ते लिवलं. तुमीच तं शिकवलं, उत्तर देणाऱ्याले दुरुस्त करायचं नाई म्हून!"

शिकवलं होतं खरं. पण लघुप्रबंध जमा करायला आठच दिवस होते, आणि 'ही माहिती विद्यार्थिनीने स्वतः गोळा केली' या दाखल्यावर माझी सही लागते. सही नाही तर वर्ष गेलं, आणि वर खोटारडेपणाचा शिक्का. मी म्हटलं, "सही मिळणार नाही."

"मंग चला आसेगावले," ती म्हणाली. "सोताच्या डोयानं पाहा."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेलूबाजारहून जीपमध्ये सहा माणसं आणि खताची चार पोती यांच्यासोबत मी आसेगावात उतरलो; सुप्रिया थांब्यावर वाट पाहत होती. पहिलं घर सोनीबाईंचं. त्या मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी प्रश्न तोंडातून पुरता काढलाही नव्हता.

"दोघं मिळून जी. भांडन दोनदा," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी घेतली.

पुढच्या घरीही तेच. पारावर गोपाल नावाचा पंचविशीतला पोरगा बसला होता, त्याला विचारलं.

"दोघं मिळून. भांडन दोनदा."

"लग्न झालं का तुझं?"

"नाई जी."

"मग भांडलास कोणाशी?"

गोपाल विचारात पडला. "ते रंगराव मोठेबाबाले इचारा. आपला नंबर लागला तं असावं म्हून मी पाठ करून ठेवलं."

सुप्रियानं कपाळावर हात मारला. रंगराव म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. ते वांग्याच्या वाफ्यात पाणी देत होते. विचारल्यावर त्यांनी काहीही लपवलं नाही, उलट छाती फुगवली.

"मास्तर, आमची शेताच्या बांधाची, धुऱ्याची केस अकरा वर्सं चालली. शेजाऱ्यानं धुऱ्यावरची बाभूय तोडली. आमचा एक साक्षीदार म्हने सकाळी तोडली, दुसरा म्हने दुपारी. बयान जुळलं नाई, केस गेली. तवापासून म्या कानाले खडा लावला. आता आपल्या पोरीची परीक्षा, कागद वाशीमले जानार. म्या आधीच तिच्या यादीतली साठच्या साठ घरं फिरून बयान पक्कं करून ठेवलं. एकाचीबी चूक झाली काय?"

"एकाचीही नाही," मी म्हणालो. "पण दोनदाच काहून?" त्यांच्या बोलीनं मलाही धरलं होतं.

"एकदा म्हनलं तं कोनाले पटत नाई. चारदा म्हनलं तं गावाची इज्जत जाते. दोन बरे."

सुप्रिया वाफ्याच्या कडेला मटकन बसली. "मोठेबाबा, तुमी मले पास नाई, नापास केलं," ती म्हणाली. रंगरावांच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात शिरलं तरी त्यांना कळलं नाही.

उपाय तिनंच काढला. शाळेची एक खोली मागितली. आत कोणी नाही, फक्त हरभऱ्यांचं टोपलं आणि ओळीनं मांडलेले स्टीलचे डबे. नवरा एकटा आत जाणार, बायको एकटी आत जाणार. जितकी भांडणं तितके हरभरे आपल्या डब्यात टाकायचे. डब्यावर नाव नाही, नुसता आकडा. बाकीच्या प्रश्नांना, ठरवणारा पुरुष असेल तर सोयाबीन, बाई असेल तर तूर, दोघं मिळून असेल तर दोन्ही.

प्रायश्चित्त म्हणून पहिला मान रंगरावांनी घेतला. आतून आवाज आला: टण, टण. ते मिशीवर हात फिरवत बाहेर आले. मग त्यांच्या बायको, तुळसाबाई, आत गेल्या. टण, टण, टण, टण... आवाज काही थांबेना. बाहेरची रांग मोजू लागली.

"अवं, मोजून टाक!" रंगराव ओरडले.

"मोजूनच टाकून राह्यली!" आतून उत्तर आलं.

गाव पोट धरून हसलं. सुप्रियानं मात्र पळत जाऊन प्रत्येक डब्याच्या तळाशी फडकं अंथरलं. मी हे वर्गात कधी शिकवलं नव्हतं. पुस्तकात गोपनीयतेवर एक अख्खं प्रकरण आहे, फडकं त्यात नाही.

तीन दिवस लागले. भांडणं शून्यापासून एक्केचाळीसपर्यंत आली, विचलन साडेसहाच्या वर गेलं. 'दोघं मिळून' म्हणणारी घरं उरली नऊ. बऱ्याच घरांत नवऱ्याच्या डब्यात सोयाबीन होतं आणि बायकोच्या डब्यात तूर. घर एकच, राज्य दोघांचं वेगवेगळं. प्रबंध त्यावरच उभा राहिला.

प्रबंध जमा करायच्या शेवटच्या दिवशी सुप्रिया दाखला घेऊन माझ्यासमोर बसली. मी पेन उघडलं.

"सर, तुमच्या पीएचडीच्या वेळी लोक खरं सांगायचे का?" तिनं सहज विचारलं.

मला 'हो' म्हणता आलं असतं. पण त्या शाळेच्या पायरीवर तिला उन्हात तापत, एकेका म्हातारीला हाताला धरून आत नेताना मी तीन दिवस पाहिलं होतं. मला लाज वाटली.

"तीनशे फॉर्म होते," मी म्हणालो. "एकशे दहा घरांना मी विचारलंच नाही. लॉजवर बसून भरले. चार रंगांची पेनं आणली होती, अक्षर बदलून लिहिलं. विचलन इतकं सुरेख आलं की परीक्षकांनी कौतुक केलं."

मला वाटलं, ती उठून जाईल. मग तिनं दाखला माझ्यापुढे सरकवला.

"करा सही, सर. ही तरी खरी होऊन जाईल."

मी सही केली. ती पाया पडायला वाकली, तेव्हा मी पाय मागे घेतले.