व्हय म्हणणारी अकरा लेकरं

साहेब, तुम्ही अकरा लेकरांचं हसू चोरलं आणि दुसऱ्याच शाळेच्या नावावर चढवलं. ऐकीव सांगत नाही. ते हसू मी माझ्या हातानं तुम्हाला दिलं होतं.

मी मंजुषा. खुलताबादला माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. घर तिथून तीन किलोमीटर वर, वस्तीवर. वस्तीवर एका खोलीची शाळा होती. अकरा लेकरं आणि एक तनुजा मॅडम. माझी सायली तिसरीत. जुलैत तुमच्या शिक्षण ऑफिसचा कागद आला, पट कमी म्हणून शाळा तात्पुरती बंद, लेकरांनी खालच्या मोठ्या गावात जायचं. कायमची बंद करायची का नाही ते दिवाळीनंतर ठरणार.

खालच्या गावाची वाट घाटातून जाते. जीप कधी येते, कधी येत नाही. वस्तीवरच्या पारूबाईच्या दोन नाती दुसऱ्या आठवड्यातच घरी बसल्या आणि शेळ्यांमागं लागल्या. म्हणून ऑगस्टात मी आणि शाळा समितीचे अध्यक्ष कडुबाकाका अर्ज घेऊन तुमच्याकडं शहरात आलो. तुम्ही खुर्च्या दिल्या, चहा दिला. अर्ज बाजूला सरकवून म्हणालात, "ताई, असे अर्ज मी रोज शंभर वाचतो. मला फोटो द्या. मुलांच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. एक आधीचा, एक आत्ताचा. बाकी माझ्यावर सोडा."

बाहेर आल्यावर कडुबाकाका म्हणाले, "देवमाणूस हाय गं मंजे. बिस्किटंबी क्रीमची दिली."

माझ्याकडं दोन्ही फोटो होते. ते कसे निघाले तेवढं ऐका, कारण सगळं त्यातच आहे.

पहिला जूनमधला, आमच्या वस्तीच्या शाळेतला. लेकरं ओळीत उभी होती. तनुजा मॅडम माझ्या मागं उभ्या राहून ओरडल्या, "फोटो काढायचा का रे?" अकराच्या अकरा बोंबलली, "व्हय!" आणि मी बटण दाबलं. तुम्ही आरशासमोर उभं राहून एकदा व्हय म्हणून बघा. ओठ कानापर्यंत जातात, दात दिसतात, माणूस रडत असला तरी हसल्यासारखा दिसतो. ही तर हसतच होती. सायलीचे डोळे मिटलेत. कडुबाकाकांचा नातू माऊली शेजारच्याच्या खांद्यावर आडवा झालाय. एकाचं बटण उघडं, एकीची वेणी सुटलेली. कुणालाच कुणाची भीती नाही असा तो फोटो.

दुसरा ऑगस्टमधला, मोठ्या गावातला. ओळखपत्राचे फोटो काढायला मला तिथं बोलावलं होतं. काम झाल्यावर मी आमची अकरा लेकरं वेगळी उभी केली. त्या दिवसापुरत्या पारूबाईच्या नातीही आणल्या होत्या. गणवेश तोच, उभं राहायचा क्रमही तोच. तिथल्या बाई काही राक्षस नाहीत. पण पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, व्हय म्हणायचं नाही, हो म्हणायचं. व्हय म्हणेल तो तास संपेपर्यंत उभा राहील. मी मुद्दाम तोच प्रश्न विचारला, "फोटो काढायचा का रे?" लेकरांनी आधी बाईंकडं बघितलं. मग सगळी म्हणाली, "हो." ओठांचा चंबू झाला, गाल आत गेले. माऊली बुटाकडं बघत होता. सायलीचे दोन्ही हात मांडीला चिकटलेले. तिची कुणीतरी झडती घ्यायली असं वाटावं. वेण्या मात्र सगळ्यांच्या नीट.

आता माझी चूक. ती मी लपवणार नाही.

आमच्या धंद्यात मागची भिंत खराब दिसली की पुसून टाकतात. गिऱ्हाईक बसस्टँडवरून आलेलं असो का शेतातून, मागं निळा रंग भरला की माणूस नीटनेटका दिसतो. वस्तीच्या शाळेची भिंत तडकलेली होती, पोपडे निघालेले. मला लाज वाटली. वाटलं, साहेब भिंतच बघतील आणि म्हणतील, असली पडकी शाळा कशाला चालू ठेवायची? म्हणून भिंत पुसून निळं केलं. मग जोडी सारखी दिसावी म्हणून दुसऱ्याचीही भिंत पुसली. त्याच नावानं सेव्ह केले. मूळ फोटो गेले. कॅमेऱ्यातलं कार्ड मी दर आठवड्याला रिकामं करते, तेही गेलं. आणि दोन्ही फोटो तुमच्या मोबाईलवर पाठवले. खाली लिहिलं, पहिला आधीचा, दुसरा आत्ताचा. तुम्ही अंगठा पाठवलात.

ऑक्टोबरमध्ये तुमच्या ऑफिसचा निरोप आला, आपली छायाचित्रं प्रदर्शनासाठी निवडली आहेत, कुटुंबासह या. माझ्या नवऱ्यानं, शिवराजनं, दुकान सांभाळायला वाळूजच्या कंपनीतली पाळी बदलून घेतली. मी पैठणची साडी नेसले. सायलीला नवा फ्रॉक घातला. कडुबाकाकांनी टोपीला नीळ दिली. एसटीत ते ड्रायव्हरला सांगत होते, "आमची शाळा वाचली म्हणून समज. शहरात फोटो लागलाय."

दालनात शिरलो तर समोरच्याच भिंतीवर आमची लेकरं, माणसाहून मोठी. डावीकडं चंबू झालेली तोंडं. खाली लिहिलेलं, "आधी : वस्तीवरचं कोमेजलेलं बालपण." उजवीकडं माऊली आडवा झालेला, सायलीचे डोळे मिटलेले. खाली, "आता : मोठ्या शाळेत फुललेलं बालपण."

मला आधी कळलंच नाही. सायलीनं हात ओढला.

"आई, उलटं लावलंय."

"गप जरा."

"नाय गं, बघ की. त्यात आपुन व्हय म्हणायलोय. व्हय आपल्या शाळेत म्हणतात. तिथं नाय म्हणू देत."

कडुबाकाकांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही. सायलीनं वाचून दाखवलं. ते माझ्याकडं वळले.

"मंजे, हे तू दिलंस?"

"काका, मी बरोबर दिलं होतं."

"बरोबर दिलं तर मग भिंत कुठं गेली आपली? निळं कुणी केलं?"

"मीच."

"कितीला केलंस?"

साठ वर्षांचा माणूस, माझ्या लग्नात मामाच्या जागी उभा राहिलेला. तो मला भर दालनात विचारतो, कितीला केलंस. साहेब, हे तुमच्यामुळं ऐकलं मी.

तुम्ही चार पाहुण्यांना घेऊन तिकडूनच येत होतात. मी आडवी आले. म्हणाले, साहेब, पाट्या उलट्या लागल्यात, बदला. तुम्ही हसलात. "अहो ताई, फोटोवर तारीख आहे का? जागा दिसतेय का?" मी मोबाईल काढून मेसेज दाखवला. तुम्ही लांबूनच बघितला. "दोन्ही एकाच दिवशी पाठवलेत. लिहिताना तुमचीच अदलाबदल झाली असेल. होतं असं." मी म्हणाले, लेकरांची तोंडं बघा, ओठ बघा, व्हय आणि हो मधला फरक बघा. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "वा, काय निरीक्षण आहे!" आणि सगळे हसले.

मग तुम्ही खाली वाकलात. सायलीच्या डोक्यावर हात ठेवलात. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, "बाळ, नवी शाळा आवडते ना?"

माझी लेक ताठ झाली. हात मांडीला गेले.

"हो."

तुम्ही सरळ उभे राहिलात. "बघा. मूल स्वतः सांगतंय." फोटो काढणाऱ्यानं फोटो काढला, आणि तुम्ही पुढं गेलात.

परत येताना काका एसटीत पुढं जाऊन बसले, ड्रायव्हरच्या मागं. सायली खिडकीशी. दौलताबाद मागं पडेपर्यंत ती बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "आई, मोठ्या माणसानं विचारलं की हो म्हणायचं असतंय ना? मी बरोबर बोलले ना?"

मी म्हणाले, बरोबर बोललीस. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तनुजा मॅडमना फोन लावला. त्यांची बदली झालीय, तिकडं कन्नडच्या पुढं. मी म्हणाले, मॅडम, तुम्ही तिथं उभ्या होतात. एक कागद लिहून द्या, हसणारा फोटो आपल्या शाळेतला आहे म्हणून. "मंजुषाताई, मला माहीत आहे. पण माझी नोकरी आहे, घरात सासूबाई अंथरुणाला आहेत. माझं नाव नका घालू." मग रडायला लागल्या. मीच फोन ठेवला. त्यांच्यावर माझा राग आहे, पण तो माझ्यापाशी राहू द्या. त्यांनी कुणाला शब्द दिला नव्हता. तुम्ही दिला होता.

मी तक्रार केली. उत्तर आलं साडेतीन ओळींचं. छायाचित्रांवर तारीख नसल्यानं तक्रारीत तथ्य आढळत नाही. सदर विद्यार्थिनीनं स्वतः समाधान व्यक्त केलेलं आहे. पालक समाधानी असल्यानं वस्तीवरील शाळा कायमस्वरूपी बंद करण्याचा प्रस्ताव पुढं पाठवण्यात येत आहे. म्हणजे माझ्याच फोटोनं आणि माझ्याच लेकीच्या एका शब्दानं तुम्ही आमच्या शाळेला कुलूप घालणार. वस्तीवर आता माझ्याकडं कुणी फोटो काढायला येत नाही. पारूबाई तोंडावर म्हणाली, "तुझी पोरगी बापाच्या गाडीवर बसून शाळेत जाईल, तुला काय?"

भिंत मी पुसली. ते मी वस्तीवर सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलंय, पुन्हा सांगीन. पण पाट्या मी लावल्या नाहीत. तुमचा हात चुकला असेल तर चूक लिहून द्या आणि प्रस्ताव मागं घ्या. माणूस चुकतो, मीही चुकले.

पण त्या दिवशी माझा मोबाईल तुमच्यासमोर धरला होता. दोन ओळी होत्या, चौथीतलं लेकरू वाचील अशा. तरी तुम्ही लांबूनच बघितलंत.

म्हणून विचारते, तोंडी नको, सही-शिक्क्यानं सांगा. दालनातल्या त्या भिंतीपुढं उभे असताना कोणता फोटो आधीचा, हे तुम्हाला माहीत होतं का नव्हतं?