भारोभार गूळ

सकाळी सात वाजता तेजसची मिरवणूक निघायची. पुढे साडेतीन वर्षांचा तेजस, मागे दूधभाकरीची वाटी घेतलेली त्याची आजी भिकुबाई, तिच्या मागे पाण्याचा पेला घेऊन त्याची आई नूतन, आणि सगळ्यांच्या मागे गल्लीतलं एक तांबडं कुत्रं. वाजंत्री तेवढी नव्हती. ओट्यावरून म्हशीच्या गोठ्यात, गोठ्यातून हापशावर, हापशावरून शेजारच्या भागाबाईच्या अंगणात. दर मुक्कामी एक घास. तोंडात कोंबलेला घास तेजस गालात धरून ठेवायचा आणि आजीची पाठ वळली की कुत्र्यापुढे टाकायचा. तासाभरात वाटी रिकामी व्हायची, आजीला समाधान वाटायचं, आणि कुत्रं दिवसेंदिवस बाळसं धरत चाललं होतं.

"खाय रे मना राजा. हाऊ घास चिऊना, हाऊ मामाना," भिकुबाई विनवायची.

राजा मिटल्या तोंडानेच मान हलवायचा.

मग दिवसभर त्याला कोणी उपाशी म्हणून ठेवत नसे. नूतनचे सासरे पुना आबा दोंडाईच्याहून येताना बिस्किटाचा पुडा आणायचे. भागाबाई भिंतीवरून खाऊची रंगीत पुडी सरकवायची. भिकुबाई दर दोन तासांनी म्हशीच्या दुधाची बाटली त्याच्या तोंडाला लावायची. पोर जेवत नाही म्हणून दिवसभर चारायचं, आणि दिवसभर चारल्यावर पोर जेवत नाही म्हणून बोंबलायचं, अशी त्या घराची रीत होती. पोराच्या बरगड्या मात्र सदऱ्यातून मोजून घ्याव्या अशा दिसायच्या.

एवढ्या सगळ्यांनी चारलेलं पोर वाळकं राहिलं, तर दोष कोणाचा? अर्थात जिनं चारलं नाही तिचा.

"तुनं दूधच पाणचट व्हतं," भिकुबाई नूतनला सुनवायची. "आडमाच नही ते पोहरामा कोठून येई? मना पाच पोरे ह्याच घरमा वाढनात. एकलेबी कोनी तोलं नही."

सुनेचं दूध पाणचट आणि म्हशीचं घट्ट, हा निकाल भिकुबाईनं तीन वर्षांपूर्वीच देऊन ठेवला होता. त्यावर अपील नव्हतं.

पण तोलायची वेळ आणली ती भिकुबाईनंच. तेजस जन्मला तेव्हा तिनं गावच्या भवानीला नवस बोलला होता, की जाऊळ काढताना नातवाच्या भारोभार गूळ वाटीन. नवस बोलताना नातू गुबगुबीत होणार हे तिनं धरूनच चाललं होतं. दोन वर्षं तिनं नवस लांबवला. पसाभर गूळ घेऊन गावापुढे कोणत्या तोंडानं जायचं? देवी एक वेळ समजून घेईल, भागाबाई घेणार नाही.

दिवाळी झाली, कापूस फुटला. काळ्या जमिनीवर पांढरं पसरलं, आणि नेहमीप्रमाणे व्यापारी अभिमन टेम्पो घेऊन दारात आला. लिंबाच्या फांदीला त्यानं आपला हुकाचा काटा टांगला. हा काटा दहा किलोला किलोभर खातो, असं सारं गाव पारावर कुजबुजायचं. पण अभिमन ओट्यावर बसून चहा प्यायचा, भिकुबाईला अक्का म्हणायचा, लग्नाकार्याला यायचा. अशा माणसाच्या तोंडावर काट्याचं काय काढायचं? तेव्हा वजन कमी भरलं की लोक म्हणायचे, औंदा बोंडच हलकं शे. बोंड बिचारं काय बोलणार?

त्या दिवशी शेवटचं गाठोडं तोलून झालं आणि अभिमनला थट्टा सुचली.

"अक्का, नातूलेबी टांगी देखूत का?"

भिकुबाईनं हौसेनं आबांचं धोतर आणलं. तेजसला त्यात बसवलं, चार टोकांची गाठ मारली आणि हुकाला अडकवलं. पोर रडलं नाही. आजूबाजूला कोणी वाटी घेऊन आलेलं नाही एवढ्यावर ते खूश होतं.

"साडेनऊ," अभिमन म्हणाला. मग जरा हसून म्हणाला, "अक्का, यानापेक्षा ते मनं रिकामं बारदान जड भरस."

तोलायला जमलेली माणसं हसली. भिकुबाई हसली नाही. तिनं काट्याकडे पाहिलं नाही, अभिमनकडे पाहिलं नाही, सरळ नूतनकडे पाहिलं.

तासाभरात बातमी सुरतेला पोहोचली. भिकुबाईची लेक दिपमाला तिथे राहायची. तिचा पोरगा तेजसच्याच वयाचा, आणि फोनमध्ये त्याचे गाल दिसले की बाकी काही दिसायचं नाही.

"आई, तू त्याले मनाकडे धाडी दे," दिपमाला म्हणाली. "तीन महिनामा गोलमटोल करी देसू."

भिकुबाईनं तिथल्या तिथे बोल दिला. माघात नवस फेडायचा. त्या दिवशी पोरगा अकरा किलो भरला तर घरी राहील, नाही तर दिपमालाबरोबर सुरतेला जाईल.

नूतनला रडू फुटलं. गावातून अशी दोन पोरं तीन महिन्यांसाठी सुरतेला गेली होती. त्यातलं एक आता तिकडे आठवीत होतं आणि सुट्टीत आलं की आईला काकू म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी ती तेजसला घेऊन अंगणवाडीत गेली. सेविका सुलक्षणानं त्याला आपल्या काट्यावर तोललं आणि कार्डावर लिहिलं.

"साडेदहा."

"नीट देखा ना ताई. काल साडेनऊ व्हता."

सुलक्षणानं पुन्हा तोललं. "साडेदहाच आहे. कुठे तोललं होतं?"

नूतननं सांगितलं. सुलक्षणा हसली आणि मग हसणं आवरून म्हणाली, "नूतनताई, साडेदहाही कमीच आहे बरं. तेरापर्यंत पाहिजे याच्या वयाला. दोंडाईच्याला डॉक्टरला दाखवा. आणि ती बाटली आणि पुड्या बंद करा, त्यानंच भूक मरते."

नूतन कार्ड घेऊन घरी आली. तिला वाटलं, आता तरी मिटेल. भिकुबाईनं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"सरकारना काटा. सरकार कधी खरं सांगस का?"

"आन अभिमनभाऊना?"

"तो घरना मानूस शे."

गोठ्यात नवरा नवल म्हशीची धार काढत होता. नूतननं त्याला गाठलं.

"तुम्ही तरी बोला आत्याबाईले. तो काटाच खोटा शे."

"काटाले काय म्हनतस? अकरा भरना पाहिजे ते भरना पाहिजे," नवल म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणाला. "आन अभिमनभाऊले खोटं कोन पाडी? पुढली वेचणीना कापूसबी त्यालेच देना शे."

आठ दिवसांपूर्वी पारावर बसून याच नवलनं याच काट्याला आईमाईवरून शिव्या दिल्या होत्या. पण पारावरचा काटा वेगळा आणि घरातला वेगळा. नूतन माघारी वळली. घरात सून खरं बोलली की ते उलट बोलणं ठरतं, एवढं तिला पाच वर्षांत कळलं होतं.

ती एसटीनं एकटीच पोराला दोंडाईच्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, जंताचं आणि रक्तवाढीचं औषध दिलं. मागे लागून भरवू नका, भूक लागू द्या, म्हणाले. भूक लागू द्या. नूतनला हसावं की रडावं कळेना. त्या घरात भुकेला शिरायला दार तरी उघडं होतं का? शेवटी तिनं पोराला कापसाच्या वेचणीला बरोबर न्यायला सुरुवात केली. थंडीनं पऱ्हाटीवर दहिवर साचायचं, बोटं बधिर व्हायची, आणि तेजस सरीतून ढेकळं तुडवत तिच्या मागे यायचा. वावर गावापासून दोन मैल. बिस्किटाच्या पुड्याला तेवढं चालणं जमत नव्हतं. भिकुबाई मात्र एक दिवसाआड बाटली घेऊन पोहोचायची. तिच्या गुडघ्यांचं दुखणं तेवढ्यापुरतं बरं असायचं. तरी दुपारी कधी चतकोर, कधी अर्धी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर पोराच्या पोटात जाऊ लागली. अर्थात नूतननं पन्नासदा खाय म्हटल्यावर.

नवसाला आठ दिवस राहिले तेव्हा नूतननं सासूजवळ एकच गोष्ट मागितली.

"आत्याबाई, देवीले खुला गूळ नको. माशा बठतस. दोंडाईचाथून शिक्कानी ढेप लया, दहा किलोनी."

भिकुबाईला बरं वाटलं. सून पहिल्यांदाच काही शहाणपणाचं बोलली होती. तिनं दोन ढेपा आणवल्या, दुकानाचा दहा किलोचा शिक्का मारलेल्या.

माघातला मंगळवार उजाडला. देवळाच्या आवारात लिंबाखाली वरण शिजत होतं, गोवऱ्यांच्या आरात कणकेच्या बट्ट्या भाजत होत्या, आणि बोलावलेल्यांपेक्षा न बोलावलेले आधी आले होते. दिपमाला तेजसच्या कपड्यांसाठी सुरतेहून एक रिकामी पिशवी घेऊन आली होती. येताना हलकी, जाताना भरलेली, असा तिचा हिशेब होता. वना न्हावी वस्तऱ्याला धार लावून तयार होता, पण भिकुबाईनं त्याला थांबवलं. आधी वजन, मग जाऊळ. केसांचं वजन तेवढंच जास्त. आणि वजनाला मानाचा माणूस म्हणून खुद्द अभिमन आपला काटा घेऊन आला होता, टोपी घालून, कपाळाला कुंकू लावून.

तेजसला धोतरात बसवून हुकाला टांगलं. नूतननं पदराचं टोक मुठीत धरलं.

"दहा," अभिमननं पुकारलं.

"मी तुले सांगं व्हतं ना, आई," दिपमाला म्हणाली आणि तिनं पिशवी झटकली.

भिकुबाईचा चेहरा पडला. नातवावर तिची माया नव्हती असं नाही, पण बोल म्हणजे बोल, तोही गावापुढे. "अकराना बोल व्हता," ती म्हणाली. "पोऱ्या सुरतले जाई."

"जाऊ द्या," नूतन म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "आधी देवीना गूळ ते तोला. पोऱ्या दहा भरना, ढेपबी दहानी शे. त्याच काटावर भारोभार करी ल्या."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. रीतच होती ती. अभिमननं मात्र एकदम घड्याळात पाहिलं. "आते परत कशाले तोलतस अक्का, शिक्का शे ना तेवर," तो म्हणाला.

"देवीना काम शे. बिगर तोलता कसं चाली?" भिकुबाईनं स्वतः ढेप उचलून धोतरात ठेवली.

काट्यावर नऊ आले.

सगळे पुढे सरकले. भिकुबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. नऊच होते.

"गूळ शे, सुकी जास," अभिमन म्हणाला.

दुसरी ढेप टांगली. नऊ.

"दोन्ही सारख्याच सुकन्यात का?" कोणीतरी मागून विचारलं.

तेव्हा पुना आबा उठले. घरात आबा फारसे बोलत नसत, कारण त्यांच्या वाट्याचंही भिकुबाई बोलायची. ते काट्याजवळ आले, एका बोटानं ढेप हलवून पाहिली, आणि अगदी सावकाश म्हणाले, "अभिमनभाऊ, मंग मना कापूसबी सुकी गया व्हता का?"

झालं. जे पारावर पंधरा वर्षं कुजबुजत होते ते देवीपुढे एकदम बोलू लागले. कोणाला आपलं बोंड आठवलं, कोणाला आपली सरकी. नवल तर सगळ्यांच्या पुढे होता आणि या काट्याचा संशय पहिल्यांदा आपल्यालाच आला असं सांगत होता. वना वस्तरा तसाच हातात धरून गर्दीत घुसला, तेव्हा अभिमनचा रंग आणखी उतरला.

नूतन भिकुबाईजवळ गेली. "आत्याबाई, दहानी ढेप नऊ भरस. मंग दहा भरेल पोऱ्या कितला?"

भिकुबाईनं बोटांवर मांडून पाहिलं. मग दुसऱ्यांदा मांडून पाहिलं. लेकीच्या हातातली पिशवी तिनं घेतली, घडी केली आणि परत तिच्याच हातात दिली.

"अकराना वर शे. पोऱ्या आठेच ऱ्हाई," ती म्हणाली, आणि पदर खोचून अभिमनकडे निघाली. "काय रे भो, मना नातूलेबी तू बारदान म्हने?"

अकरा म्हणजे तेरा नव्हे, हे नूतनला ठाऊक होतं. पोर अजून वाळकंच होतं, काटा खरा असो की खोटा. पण ते आता तिच्याजवळ वाळकं राहणार होतं, आणि तिच्याजवळच भरणार होतं. तिनं तेजसला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तेजस लिंबाच्या बुंध्यामागे बसला होता. जन्मल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कोणी वाटी धरली नव्हती, कोणी चिऊकाऊ बोलावले नव्हते. त्यानं परातीतली तूप घातलेली बट्टी उचलली होती, दोन्ही हातांनी फोडली होती, आणि धक्काबुक्कीत ढेपेचा तुटून पडलेला कोपरा तिच्यासोबत चावून खात होता. एक घास गिळला, लगेच दुसरा घेतला. हनुवटीवरून तूप ओघळत होतं. नूतनला वाटलं, धावत जाऊन सगळ्यांना दाखवावं, सासूला दाखवावं, दिपमालाला दाखवावं. ती दोन पावलं गेलीही. मग त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

तेवढ्यात गर्दीतून भिकुबाईला नातवाची आठवण झाली.

"नूतन, पोऱ्यानी काही खादं का व?"

"नही आत्याबाई," नूतननं पदर दोन्ही हातांनी पसरून तेजसला आडोसा धरला. "कशालेच तोंड नही लावं."

"थांब, मी वाटी लई येस."

"येऊ नका. तुम्ही आधी त्या काटानं देखा."

भिकुबाईला ते पटलं. ती पुन्हा अभिमनकडे वळली. नूतन तशीच पदर पसरून उभी राहिली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बट्टी चावल्याचा आवाज येत होता, तो ती ऐकत राहिली.