पापांची जुळणी

आमच्या बेटावर शरद ऋतू झाडांवर दिसत नाही, विजेच्या खांबांवर दिसतो. सप्टेंबर लागला की खांबाखांबावर कागद चिकटतात. कुठे नारळाचा उत्सव, कुठे हुला नाचाच्या स्पर्धा, कुठे चर्चच्या अंगणात उकुलेलेचा, म्हणजे आमच्या चार तारांच्या छोट्या गिटारचा, कार्यक्रम. पर्यटक पांगलेले असतात आणि आमचंच बेट थोडे दिवस आम्हाला वापरायला मिळतं. सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, आमच्या खोऱ्याचा उत्सव असतो. त्यात शेवटी माझे वडील, एनोका, गिटार वाजवायचे. वर्षातून एकदा, एकच गाणं. माझ्या आईसाठी बांधलेलं.

आमच्याकडे गिटारच्या तारा जगासारख्या लावत नाहीत. काही तारा सैल सोडायच्या, काही तशाच ठेवायच्या, आणि त्यातून प्रत्येक घराची आपली जुळणी तयार होते. एक साधी जुळणी सगळ्यांना येते. तिला आम्ही अळूच्या वाफ्याची जुळणी म्हणतो, ती शाळेतली पोरंही लावतात, मीही तिच्यावरच वाजवायला शिकले. पण घरची जुळणी घरातच राहते. बाप ती एकाच मुलाला देतो, आणि देईपर्यंत त्या मुलानंही फक्त ऐकायचं. पापा तर स्टेजवरसुद्धा डाव्या हातावर टॉवेल टाकून वाजवायचे. समोर कुणी फोन वर धरला की तिथेच थांबायचे. लोक हसायचे, पण फोन खाली ठेवायचे.

वाजवून झालं की खुंट्या पिळून सगळ्या तारा ढिल्या करायच्या, हा नियम. लागलेली गिटार कुणाच्या हाती पडली तर जुळणी गेलीच म्हणून समजा. पापांचा हात कधी रिकामा नसायचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी सहा वर्षांची होते. पायरीवर पाऊल वाजलं की धावायचं आणि सहाही खुंट्या फिरवून टाकायच्या. आज मी चोपन्न वर्षांची आहे.

हा सगळा बंदोबस्त मुख्यतः एका माणसासाठी होता. अंकल सॉलोमन, पापांचे धाकटे भाऊ. आजोबांनी जुळणी पापांना दिली, त्यांना दिली नाही. मग म्हणे ते आमच्या खांबांवर उभ्या घराच्या खाली लपून ऐकत बसायचे. खरंखोटं देव जाणे. तीस वर्षं दोघं एका खोऱ्यात राहिले, एका दुकानात पाव घेतला आणि एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. मला विचाराल तर दोघंही मूर्ख. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही मुकाट्यानं खुंट्या फिरवत राहिले.

यंदा उत्सवाच्या आधीच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात लाउलाउ बांधत होते. अळूच्या पानांत डुकराचं मांस आणि मासा गुंडाळायचा आणि वाफवायचं. आमच्या स्टॉलसाठी दीडशे नग हवे होते. पापा दारात येऊन उभे राहिले.

"शनिवारी मी वाजवणार नाही," ते म्हणाले. "तू वाजव."

"कशावर? या पातेल्यावर?"

"तोंड चालवू नकोस. मी बाहेर तारा लावून ठेवतो. ये आणि बघ."

मी हातातली गुंडाळी तशीच खाली ठेवली. हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! "आत्ता?"

"आधी हात धू. अळूची खाज माझ्या तारांना नको."

मी हात धुतले. नखं घासली, परत धुतली. बाहेरून एकेक तार लागल्याचा आवाज येत होता आणि मी नळ सोडून ठेवला होता, त्यामुळे मला धड काही ऐकू आलं नाही. एवढी वर्षं थांबलेली बाई शेवटची दहा मिनिटं नखं घासत बसली, याचा मला अजून संताप येतो.

बाहेर आले तर पापा खुर्चीत कलंडले होते. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. गिटार मांडीवर होती, डाव्या हातानं घट्ट धरलेली. लागलेली होती. मी ती सोडवून बाकावर ठेवली आणि दवाखान्याला फोन केला. पापांचा एक डोळा मिटला होता, दुसरा माझ्याकडे बघत होता. मग तो गिटारकडे वळला, मग परत माझ्याकडे.

"हो पापा," मी म्हटलं. "कळलं मला. आहे ती, तिथेच आहे."

तेवढ्यात कुत्री भुंकली. फाटकाशी ट्रक थांबला, अंकल सॉलोमनचा. पायरीवर पाऊल वाजलं.

आणि मी सहाही खुंट्या फिरवल्या.

विचार करून कुणी असं करेल का? पाऊल वाजलं आणि हात गेला. शेवटची खुंटी फिरवताना माझी नजर वर गेली. पापांचा तो डोळा माझ्या हातावर होता. तो मला आयुष्यभर पुरणार आहे.

अंकल सॉलोमन मासळीची पिशवी घेऊन वर आले होते. "एनोका!" ते ओरडले. "मरायच्या आधी एकदा बरोबर बसून जेवू म्हटलं!" मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि पिशवी त्यांच्या हातातून पडली. दवाखान्याची गाडी आली तेव्हा पापांना उचलायला तेच पुढे झाले.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या बोळात मी त्यांना काय झालं ते सांगितलं. म्हणजे ओरडून सांगितलं, कारण हळू बोललेलं त्यांना कळत नाही.

"मी तारा सोडल्या, अंकल! तुम्ही आलात म्हणून!"

"काय सोडलं?"

"तारा! पापांनी माझ्यासाठी लावलेल्या! तुम्ही ऐकाल म्हणून सोडल्या!"

दोन नर्सा थांबून बघायला लागल्या. अंकलनी कानातलं यंत्र काढून तळहातावर धरलं.

"अगं पोरी," ते म्हणाले, "सहा वर्षं झाली. मला पाऊससुद्धा ऐकू येत नाही."

हे मला माहीत नव्हतं का? होतं. साऱ्या खोऱ्याला माहीत होतं. माझ्या हातांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी मी गिटार पापांच्या खाटेशी नेली. बोलणं गेलं होतं, उजवी बाजू गेली होती, डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. गाणं माझ्या कानात पन्नास वर्षं होतं, त्यामुळे बारीक चार तारा माझ्या मला सापडल्या. जाड दोन सापडेनात. त्या पापा अंगठ्यानं अशा हलक्या छेडायचे की बाकीच्यांत मिसळून जायच्या. त्यांच्यावरच ते गाणं उभं होतं, पण त्या कुठे लावल्या होत्या ते मला कधीच कळलं नव्हतं.

"पापा, मी लावत जाते. बरोबर लागली की बोट उचला."

मी पाचवी तार लावली. बोट उचललं गेलं. मला रडू फुटलं. मग सहावी लावली, बोट उचललं गेलं. वाजवून पाहिलं तर ते आमचं गाणं नव्हतं. मी पाचवी थोडी उतरवली. बोट वर. चढवली. बोट वर. शेवटी मुद्दाम एकदम भलतीकडे नेली, लहान मुलालाही खटकेल अशी. तरीही बोट वर. माझं रडणं थांबावं म्हणून ते काहीही बरोबर म्हणायला तयार होते.

मी गिटार पेटीत ठेवली.

शनिवारी उत्सव सांभाळणाऱ्या आंटी मेलेआनाचा फोन आला. "केहाउ, तू वाजवणार ना? लोक चारपासून चटया टाकून बसलेत. एनोकाचं गाणं नाही म्हणजे उत्सवच झाला नाही बघ."

"आंटी, मला ते नीट येत नाही."

"तुला नाही तर कुणाला येणार? उगाच नखरे नकोत. ये."

गेले. त्या जाड दोन तारा मी साध्या जुळणीत असतात तशाच ठेवल्या, अळूच्या वाफ्याच्या. दुसरं सुचलं नाही. टॉवेल घेतला नाही. लपवायला होतंच काय? पहिल्याच ओळीला मला कळलं की हे गाणं लंगडं आहे. आता कुणी तरी उठेल, निदान म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतील, असं वाटत होतं. फोन वर झाले. मी थांबले नाही.

गाणं संपलं आणि सगळं खोरं उभं राहिलं. बायका डोळे पुसत होत्या. आंटी मेलेआनानं मला पोटाशी धरलं. "अगदी एनोका!" ती म्हणाली. "डोळे मिटले तर तोच बसलाय असं वाटलं गं."

चाळीस वर्षं दरसाल पुढच्या रांगेत बसून तिनं ते गाणं ऐकलं होतं.

रविवारी पापांकडे जाताना मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. गाणं छान झालं, तारा बरोबर लागल्या, एवढंच सांगायचं. खुर्ची ओढून बसले. त्यांचा डोळा माझ्याकडे होता, वाट बघत. आणि मला कुठून राग आला ते कळलं नाही. टॉवेलचा, कुत्र्यांच्या भुंकण्याचा, तीस वर्षांच्या अबोल्याचा, माझ्या या हातांचा.

"चुकीचं वाजवलं, पापा," मी म्हणाले. "आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. एकाच्याही नाही."

या वेळी बोट हललं नाही. मग त्यांनी डोळा मिटून घेतला.

मंगळवारी ते गेले. फोनमध्ये घेतलेलं ते गाणं आता बेटभर फिरतंय. एनोकाच्या घरची जुळणी शिकायची म्हणून पोरं पार दुसऱ्या टोकाहून माझ्याकडे येतात. मी शिकवते. ती चुकीची आहे हे मला ठाऊक आहे, पण बरोबर कोणती ते पापांबरोबरच गेलं.